चरवीतली रेघ

कर्जत, २० एप्रिल १९४४

चि. सौ. मुक्ता हिस,

तू जाऊन आज बारा दिवस झाले. तुझ्या वडिलांकडून चिठ्ठी नाही की निरोप नाही, म्हणून शेवटी सासऱ्यानेच सुनेला लिहायला बसायची वेळ आली. मी नमतं घेतलं असं कुणी समजू नये. घरात सून नाही म्हटल्यावर चार माणसं विचारतात, त्यांना काय सांगायचं, एवढाच प्रश्न आहे.

झालं ते झालं. पारावर मी जे बोललो ते रागाच्या भरात बोललो. पण अगदीच कारण नव्हतं असंही नाही. गाय व्यायला चार महिने जेमतेम झालेले, दावणीत ढीगभर लसूणघास, आणि दूध मात्र रोज थोडं थोडं खाली. माणूस विचारणार की नाही? तू तिथंच तोंड उघडलं असतंस तर गोष्ट एवढी वाढली नसती. तू एक शब्द बोलली नाहीस. राहीला कडेवर घेतलंस, ट्रंक उचललीस आणि सर्व्हिस मोटारीत जाऊन बसलीस. अशानं लोकांना वाटतं की म्हाताऱ्याचं खरं असेल, आणि मलाही तसंच वाटलं.

पवळीची काळजी करू नकोस. तुझ्या वडिलांनी आंदण दिलेली गाय आहे, तिला मी उपाशी ठेवणार नाही. फक्त अलीकडे ती फार द्वाड झाली आहे. धारेला बसलो की मान वळवून माझ्या कुशीत तोंड खुपसते, उपरणं ओढते. दोनदा फटका दिला तरी खोड जात नाही. दुधाचं म्हणशील तर आपलं चाललं आहे.

राही जेवते का नीट? तिचं लाकडी बदक इथंच माजघरात राहिलं आहे.

सूर्यभानचं पत्र नाही. लढाईवर गेलेल्या पोराला घरच्या कटकटी कळवू नयेत, तेव्हा तूही त्याला काही लिहू नकोस. राग गेला असेल तर या पौर्णिमेच्या आत निघून ये. मी काही विचारणार नाही.

गोरक्षनाथ


कर्जत, १४ मे १९४४

चि. सौ. मुक्ता हिस,

तुझं कार्ड पोचलं. चार ओळी. मी काही विचारणार नाही असं लिहिलं होतं, तर तूच दोन प्रश्न विचारलेस. पहिला, तुम्हाला तिकडून पत्र येतं का, मला महिनाभर आलेलं नाही. दुसरा, मी गेल्यावर पवळीचं दूध वाढलं का.

पहिल्याचं उत्तर, टपालाचं काही खरं नाही. लढाईचे दिवस आहेत.

दुसऱ्या प्रश्नामुळं ते कार्ड मी आठ दिवस फडताळात उलटं घालून ठेवलं होतं. मुली, तू फार नेमकं विचारलंस. नाही वाढलं. तू गेल्यावर आणखी उतरलं. आता धार मीच काढतो, घरात दुसरं माणूस नाही, दाराला कडी असते, आणि तरी चरवी निम्मीसुद्धा होत नाही. तू नेत होतीस म्हणावं तर तू इथं नाहीस. मागच्या पत्रात ‘चाललं आहे’ असं मी लिहिलं ते याच्यासाठी.

तरी मी मनाला समजावत होतो की उन्हाळा आहे, गाय उष्ण झाली असेल. मग नगरला जाणं झालं. तिथं लष्करात खेचरांसाठी वाळला घास घेतात असं ऐकलं होतं, म्हणून गंजीतला उरलेला घास गाडीत भरला. दोन मुक्काम करून पोचलो. वाटेत लोकांना भारे दाखवत होतो. पाच गुंठ्यांत एवढा घास या भागात कुणी काढलेला नाही, हे मी फाल्गुनात पारावर पण सांगितलं होतं, तुला आठवत असेल.

यार्डात घास पारखायला दिलावर नावाचा म्हातारा माणूस होता. सगळा जन्म घोड्यांत गेलेला, दाढी पांढरी झालेली. त्यानं भाऱ्यातून एक मूठ ओढली, तळहातांत धरून चुरगाळली आणि हात माझ्यापुढे उघडला. नुसत्या काड्या. दोन काड्या तर त्याच्या हातात रुतल्या होत्या.

“बाबा, हे कवा कापलं?” त्यानं विचारलं.

मी सांगितलं की फुलं होऊन शेंगा धरल्यावर, चांगला पिकवून कापलाय.

“ह्यो कडबा न्हाई, पिकायची वाट बघायला. गाईचं दूध पाल्यात असतंय. काडीनं पोट भरतं, कास न्हाई भरत.”

मग त्यानं मला सावलीला बसवलं, पाणी दिलं आणि पोराला समजवावं तसं समजावलं. शंभर झाडांत पाच-दहा झाडांना निळं फूल दिसलं की विळा लावायचा. त्याच्यानंतर काडी जून होत जाते, भार वाढतो, कस उतरतो. वाळवताना दुपारच्या उन्हात उलथायचा नाही, सगळा पाला गळून मातीत जातो. सकाळच्या दहिवरात, काडी जरा नरम असताना परतायचा. मी ऐकत होतो, आणि एकेक शब्द मी आधी ऐकलेला होता. माझ्याच अंगणात, तुझ्या तोंडून.

माघात तू बांधावर येऊन म्हणाली होतीस, “मामंजी, निळं फूल दिसाया लागलं. आता कापू या.” मी म्हणालो, कडबा कुणी हिरवा कापतो का. तू पुन्हा दोन दिवसांनी आलीस. मी विळाच माळ्यावर टाकला.

माझंही थोडं ऐक. आम्ही जिरायतातली माणसं. ज्वारीचं कणीस खुडल्यावर जो कडबा उरतो तो आम्हाला वैरण म्हणून ठाऊक, आणि पिकलेला कडबाच गोड. कोवळी ज्वारी खाऊन माझा एक बैल तासाभरात माझ्यासमोर आडवा झालेला आहे. कोवळ्या वैरणीची धास्ती माझ्या हाडात बसली आहे. घास भिंगारच्या मळ्यांतला, तुम्हा लोकांचा. बियाणं तूच आणलंस, विहिरीखालचे पाच गुंठे तूच मागून घेतलेस. पहिली कापणी तू केलीस तेव्हा पवळीला दुधाचा पान्हा आवरत नव्हता, हे मला दिसलं होतं. पण मला ते गाईचं कौतुक वाटलं, घासाचं नाही, आणि तुझं तर नाहीच.

दिलावरनं घास परत केला नाही, अर्ध्या भावानं बिछान्यासाठी ठेवून घेतला. खेचरांच्या पायाखाली टाकायला.

तिथून भिंगार अर्ध्या कोसावर. मी तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. बैलांना पाणी पाजलं आणि परत फिरलो. कुणी पाहिलं असेल तर ते खरं आहे.

काल घासात निळी फुलं दिसली, शंभर झाडांत मोजून नऊ. आज सकाळी विळा लावला.

गोरक्षनाथ


कर्जत, ४ जून १९४४

चि. सौ. मुक्ता हिस,

तुझं उत्तर आलं नाही. यावं असं मी काही लिहिलंही नव्हतं. मागचं पत्र रवाना केल्यावर मला वाटलं होतं की आता मोकळं वाटेल, पण ते झालं नाही, कारण त्यात मी निम्मंच लिहिलं होतं. उरलेलं आज लिहितो. मध्येच पत्र टाकून दिलंस तरी चालेल, पण राहीच्या बापाविषयी आहे ते शेवटी आहे, तेवढं वाच.

आधी चरवीचं. पितळेच्या चरवीत आतल्या बाजूला, गळ्याच्या खाली चार बोटांवर, एक रेघ आहे. ती मी ओढली आहे. खिळ्यानं. माघात दूध जिथवर येत होतं तिथं. पुढं तू धार काढून चरवी चुलीपाशी ठेवलीस आणि पाठ वळवलीस की मी आत डोकावून बघायचो की रेघ बुडाली की उघडी आहे. दीड महिना हे चाललं होतं. साठीला आलेला माणूस, सुनेच्या पाठीमागं चरवीत डोकावणारा. एकदा राहीनं मला बघितलं आणि तीही चरवीत डोकावून हसली. मी तिला चापट मारली. ती का रडते म्हणून तू विचारलंस, तेव्हा पडली म्हणून सांगितलं.

दुसरं. दुपारच्या उन्हात मी घास उलथत होतो आणि पाला गळून जमिनीवर हिरवा सडा पडत होता. तू खराटा घेऊन तो पाला गोळा केलास, पाटी भरून गोठ्यात न्यायला लागलीस. मी ती पाटी लाथेनं उलटी केली आणि म्हणालो, गाईला माती चारतेस का. त्या पाटीत सगळा कस होता. दाखवायचे भारे गंजीवर गेले आणि गाईचं दूध खळ्यातल्या वाऱ्यानं उडून गेलं.

तिसरं दिलावरचं. मागच्या पत्रात त्याची एक गोष्ट मी गाळली. सगळं सांगून झाल्यावर त्यानं सहज विचारलं, “घरात घासाचं कळणारं कुनी न्हाई का, बाबा?” मी म्हणालो, “न्हाई.” मला तुझं नाव घ्यायची लाज वाटली असं नाही. घेतलं असतं तर मग तू कुठं आहेस, हे पण सांगावं लागलं असतं.

आता सूर्यभानचं.

तो खेचरांच्या पलटणीत आहे, आणि फाल्गुनात त्याचं पत्र आलं होतं की आबा, घास मुक्ताला विचारून कापत जा, ती त्यातली जाणती आहे. तुला वाचून दाखवताना हे वाक्य मी गाळलं. मला वाटलं तूच त्याला लिहून कागाळी केली असशील. त्यानंतर घास आणखी वीस दिवस मुद्दाम उभा ठेवला. विळा माझा, शेत माझं, एवढंच डोक्यात होतं. आणि चैत्रात, पारावर बोलायच्या आधीच, मी त्याला पत्र टाकलं होतं. त्यात काय लिहिलं ते तुला ठाऊक असलं पाहिजे. मी लिहिलं, तुझी बायको घरचं दूध चोरून लोणी करते आणि माहेरी धाडते, तिचं मन या घरात नाही, तू तिला पैसे पाठवणं बंद कर.

तुला पत्र येत नाही ते टपालामुळं नाही. तुझं कार्ड आलं त्याच्या आदल्या दिवशी मला त्याचं आलेलं होतं. सोबत जोडलं आहे. त्यात त्यानं लिहिलंय की आबा, तुम्ही कधी खोटं बोलत नाही म्हणून विश्वास ठेवावा लागतो, पण मला रात्रंदिवस चैन नाही. हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल, सांगता यायचं नाही. माझा पोरगा मला खरा समजतो म्हणून तो तुला खोटी समजला.

मी त्याला खरं काय ते लिहून पत्र रजिस्टर केलं. त्याची नक्कल ठेवली आहे. पोचायला पंधरा-वीस दिवस, उत्तराला तेवढेच. तोवर तुला त्याचं पत्र नसेल, आणि ते दिवस मी तुला काही करून परत देऊ शकत नाही.

पवळीला गेले पंधरा-सोळा दिवस नवा वाळला घास घालतो आहे. नऊ फुलांवर कापलेला, सकाळी परतलेला, सावलीत रचलेला. हिरवागार राहिला आहे, मुठीत धरला तर टोचत नाही, वास येतो. गाय तीच, ऊन तेच, विहिरीचं पाणी तर पहिल्यापेक्षा कमी. दूध चढलं. आज रेघेला दोन बोटं कमी आहे. ती दोन बोटंही चढतील कदाचित. मला चरवीत बघवत नाही, पण आता रोज बघतो.

तू ये असं मी म्हणत नाही. तेवढं तोंड मला उरलेलं नाही.

गोरक्षनाथ


कर्जत, १२ जून १९४४

मुक्ता,

तुझं कार्ड मिळालं. या खेपेला एकच ओळ. ‘मामंजी, जिथं म्हणालात तिथं म्हणा.’

बरोबर आहे. घरात बसून कागदावर कबूल व्हायला काय लागतं? तू चोर ठरलीस ती पारावर, शेजारच्या आडावर पाणी भरायला आलेल्या सगळ्या बायांसमोर. तुझी घागर भरत होती, तीही तशीच राहिली.

काल बाजाराचा दिवस होता, माणूस पुष्कळ होतं. गावातल्या सगळ्यांची पत्रं मीच वाचून दाखवतो, त्यामुळं मी कागद काढला की लोक आपोआप जमतात. कुणाचं पत्र म्हणून विचारलं, मी म्हणालो माझंच आहे. आणि सूर्यभानला पाठवलेल्या पत्राची नक्कल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. घास कुणाचं ऐकून कापायचा होता आणि कुणी जून होऊ दिला. रेघ. लाथेनं उलटी केलेली पाटी. माझी सून चोर नाही, मी तिच्यावर आळ घेतला, हे वाक्य दोनदा वाचलं, मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून. काही माणसं खाली बघत होती. एकदोघं हसले. हसू देत. त्यांच्यासमोर तू उभी राहिलीस तेव्हा मीही थांबलो नव्हतो.

मला वाटलं होतं की एवढ्यावर संपेल. वाचून होतं आहे तोच रतनबाई पुढं आली. आपल्या गोठ्याला तिच्या परसाची भिंत लागून आहे, तिला सगळं दिसतं. ती म्हणाली, “भावजी, तुमी अजून सगळं वाचलं न्हाई. तिच्या पदराखालचं ऱ्हायलं.”

पदराखालचं मीच त्या दिवशी बोललो होतो ना. पहाटे तू पदर आवळून धरून गोठ्याच्या दारात दिसायचीस, मी दोन-तीनदा बघितलं होतं, आणि पदराखाली तांब्या आहे असं मी धरून चाललो. माझा सगळा पुरावा तोच होता.

रतनबाईनं सांगितलं ते लिहितो. “दूध भाईर न्हाई नेलं तिनं. भाकरी आत न्हेली. सवताच्या वाटणीची. रोज अर्धी गाईला घालायची, म्हनायची पवळी आटली तर मामंजींचा चहा आनि राहीचं दूध कुठनं यायचं. मला शपथ घातली हुती, म्हनून मी गप ऱ्हायले. रेशनाचं दानं मामंजी नीट मोजून आनत्यात, गाईला भाकरी घालते कळलं तर घरात ऱ्हाऊ द्याचे न्हाईत, असं म्हनायची.”

मी तिथंच पाराच्या कडेला बसलो. तू त्या दोन महिन्यांत वाळली होतीस. मला दिसत होतं. मी म्हणायचो, हिचं मन माहेरात आहे म्हणून अंगाला लागत नाही. तुझी भाकरी खाऊन गाय जेवढं दूध देत होती तेवढं मी चरवीत मोजत होतो आणि कमी पडलं म्हणून तुला चोर म्हणत होतो. तू तिथं एक शब्द बोलली असतीस तर दाणे उधळल्याचा दुसरा आळ आला असता, आणि तोही मीच घेतला असता. तू गप्प राहिलीस त्याचा अर्थ मी माझ्या अकलेप्रमाणं लावला.

आज सकाळी मी माझ्या ताटातली अर्धी भाकरी उपरण्याखाली धरली आणि धारेला गेलो. मी बसायच्या आत पवळीनं मान वळवली आणि बरोबर तिथंच तोंड खुपसलं, डाव्या कुशीत, जिथं तू पदर आवळायचीस. द्वाड झाली म्हणून तुला लिहिलं होतं ना मी, ती हीच खोड. दोन महिने ते जनावर रोज मला विचारत होतं आणि मी त्याला मारत होतो. तिनं भाकरी खाल्ली, मग माझ्या पाठीमागं दाराकडं बघत राहिली. मला तिथं धार काढायला जमेना. वासरू सोडून दिलं आणि त्याला सगळं पिऊ दिलं.

उद्या पवळीला आणि वासराला घेऊन निघतो. चालत न्यायचं, उन्हाआधी आणि उतरत्या उन्हात, म्हणजे पुढच्या सोमवारी भिंगारला पोचेन. गाडीत तिच्यापुरता घास भरला आहे, सगळा नऊ फुलांवरचा, आणि वर राहीचं बदक ठेवलं आहे. गाय तुझी आहे, तुझ्या दारात असावी. विहिरीखालचे पाच गुंठे तुझे आहेत, तू आली नाहीस तरी त्यात दुसरं काही पेरणार नाही. फूल दिसलं की कापून ठेवत जाईन.

चरवीही आणतो आहे. रेघ मी घासून काढायला बसलो होतो, राख आणि चिंच घेऊन, पण खोल गेली आहे, निघत नाही. तशीच आणतो.

मी आत येणार नाही. गल्लीच्या तोंडाशी, मागं जिथं बैलांना पाणी पाजलं तिथं थांबेन. दावं धरायला तुझ्या वडिलांना पाठवलंस तरी चालेल. तू स्वतः आलीस तर माझ्याशी बोलायलाच पाहिजे असं नाही. फक्त येताना पदरात भाकरी असू दे, पवळी शोधेल.

आशीर्वाद लिहायचा अधिकार नसलेला,
गोरक्षनाथ